नवे सेल घातले तरी ‘लो बॅटरी’ जात नाही? सेल फेकण्याआधी हे तपासा

गेल्या श्रावणात रत्नागिरीला आईच्या खोलीतली वायरलेस बेल एका रात्री वाजलीच नाही. आई खाली झोपते, दादा-वहिनी माडीवर. आईच्या उशाशी एक छोटं बटन असतं. ते दाबलं की वरच्या खोलीत प्लगला लावलेली बेल वाजते. त्या रात्री तिने बटन चार-पाच वेळा दाबलं. बटनावरचा लाल दिवा दर वेळी लागला, त्यामुळे बेल वाजतेय, कुणीतरी येईल, या भरवशावर ती थांबून राहिली. कौलांवर पाऊस कोसळत होता, हाका वर पोचल्या नाहीत. सकाळी सहाला वहिनी खाली आली तेव्हा आई पलंगाच्या कडेला बसून होती. पडली नाही एवढंच नशीब.

बटनातला सेल उतरला होता आणि त्याने कसलीही सूचना दिली नव्हती. त्याच घरात मुख्य दरवाजाचं डिजिटल कुलूप मात्र महिनाभर ‘बॅटरी कमी आहे’ म्हणून बीप करत होतं, तेही चार कोरे सेल घातल्यावर. त्या सकाळपासून मी हा विषय मनावर घेतला. नाशिकचं माझं घर आणि रत्नागिरीचं घर मिळून सेलवर चालणारी प्रत्येक वस्तू उघडली, सेल मोजले, कुठला कधी बदलला ते लिहून ठेवलं. त्यातून जे कळलं ते इथे लिहितो. तुमच्या घरातही असं एखादं यंत्र पुन्हा पुन्हा ओरडत असेल, किंवा ओरडायला हवं तेव्हा गप्प राहत असेल, तर उपयोग होईल.

सूचना नेमकी कशावरून येते

सेलमध्ये किती ‘मसाला’ उरलाय हे यंत्राला दिसत नाही. त्याला दिसतो फक्त त्या क्षणी टोकांवर मिळणारा व्होल्टेज. गच्चीवरच्या टाकीत डोकावून न बघता नळाच्या धारेवरून पाण्याचा अंदाज बांधावा, तसं हे आहे. धार बारीक झाली म्हणजे टाकी संपत आली असेल, पण तोटीत कचरा अडकला असेल तरी धार बारीकच येते. यंत्र फोनला जोडलेलं असेल तर ॲपमधली टक्केवारीही याच धारेवरून काढलेली असते. बनवणाऱ्याने बहुतेक वेळा अल्कलाइन सेल गृहीत धरून ‘इतका व्होल्टेज म्हणजे इतके टक्के’ असा तक्ता आत भरून ठेवलेला असतो. तुम्ही दुसऱ्या जातीचा सेल घातलात की तो तक्ता चुकतो. घरातल्या निम्म्याहून अधिक तक्रारींचं मूळ मला इथेच सापडलं.

कोरे सेल घातले, तरी सूचना तशीच

पहिल्यांदा सेल बाहेर काढा आणि त्याच्या अंगावर बारीक अक्षरांत छापलेला संकेत वाचा. भिंग लागलं तर घ्या. पेन्सिल सेलवर ‘एलआर ६’ असेल तर तो अल्कलाइन. नुसतं ‘आर ६’ असेल तर झिंक-कार्बन, म्हणजे आपण घड्याळात घालतो तो स्वस्त सेल. ‘एचआर ६’ म्हणजे पुन्हा चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड आणि ‘एफआर ६’ म्हणजे लिथियम. बारीक पेन्सिल सेल असेल तर सहाच्या जागी ‘०३’ असतं. दर्शनी बाजूला ठळक लिहिलेल्या ‘हेवी ड्यूटी’ या शब्दांवर जाऊ नका. ते शब्द असलेले बहुतेक सेल झिंक-कार्बनच असतात आणि मोटर फिरवायच्या कामाला ते टिकत नाहीत.

दादाच्या कुलपाचं हेच झालं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानातून ‘हेवी ड्यूटी’ वाचून त्याने चार सेल आणले. व्होल्टेज मोजायच्या मीटरवर चारही १.५ व्होल्टच्या वर, म्हणजे सेल कोरेच. पण झिंक-कार्बनचा आतला अवरोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, जास्त असतो. कुलपाची मोटर फिरली की जोराचा करंट लागतो, त्या क्षणी व्होल्टेज खाली बसतो आणि कुलूप तेवढ्यात ‘बॅटरी कमी’ अशी नोंद करतं. सेल जुने नव्हते, फक्त त्या कामाचे नव्हते.

चार्जिंगचे सेल वापरणाऱ्यांचा अनुभव थोडा वेगळा असतो. निकेल-मेटल हायड्राइडचा व्होल्टेज चार्जरवरून काढल्या काढल्या १.४ च्या आसपास असतो, मग लवकरच १.२ वर येऊन बराच काळ तिथेच टिकतो. अल्कलाइन १.५ वरून हळूहळू उतरत जातो. अल्कलाइनच्या तक्त्यावर चालणाऱ्या यंत्राला १.२ म्हणजे सेल संपायला आला असं वाटतं. अशा वेळी सेलमध्ये भरपूर जीव असतो, सूचनाच खोटी असते. ॲपमध्ये सेलचा प्रकार निवडायची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर त्या यंत्रापुरते अल्कलाइन घाला आणि चार्जिंगचे सेल मुलांच्या खेळण्यांना, माउसला ठेवा. तिथे ते फार छान चालतात.

हल्ली यूएसबीच्या केबलने चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम-आयन पेन्सिल सेलही मिळतात. त्यांच्या पोटात एक छोटं सर्किट असतं. ते आतला व्होल्टेज काहीही असला तरी बाहेर १.५ च देत राहतं. त्यामुळे यंत्र शेवटपर्यंत शंभर टक्के दाखवतं आणि मग एकदम बंद पडतं. काही सेल शेवटी मुद्दाम व्होल्टेज उतरवून इशारा देतात, सगळे देत नाहीत. दाराचं कुलूप, कॉल बेल, धुराचा अलार्म अशा जागी हे सेल मी कधीच घालणार नाही.

सेल बरोबर आहे, मग तोटीत कचरा

आपल्याकडे रिमोट चालेना झाला की मागचं झाकण काढून सेल अंगठ्याने गोल फिरवायची सवय सगळ्यांना आहे. त्या सवयीमागे खरं कारण आहे. फिरवल्याने सेलच्या टोकावरचा आणि स्प्रिंगवरचा गंजाचा पातळ थर खरवडला जातो आणि संपर्क पुन्हा होतो. म्हणून तुमच्या यंत्रातही सेल फिरवल्यावर सूचना गेली, तर सेल बदलायची गरज नाही, स्प्रिंग साफ करायची आहे.

कोकणात हा त्रास फार. खारी, दमट हवा आणि चार महिने पाऊस यांत स्प्रिंगवर हिरवट थर धरतो. नाशिकला तोच रिमोट वर्षानुवर्षं स्वच्छ राहतो. पांढरी भुकटी दिसली तर सेल गळलेला आहे. अल्कलाइनमधून गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड क्षारधर्मी असतं, म्हणून कान साफ करायच्या काडीला किंचित व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून ते पुसायचं. मग दुसऱ्या काडीला थोडं पाणी लावून आंबटपणा काढायचा आणि पूर्ण सुकू द्यायचं. हाताला लागू देऊ नका, डोळ्यांपासून दूर ठेवा. नुसता गंज असेल तर शाळेतलं पेन्सिलीचं खोडरबर पुरतं. सँडपेपर मारू नका. त्याने वरचा निकेलचा मुलामा निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट गंज येतो. दबून बसलेली स्प्रिंग चिमट्याने अलगद थोडी ओढून घ्या.

बटन सेलच्या, म्हणजे नाण्यासारख्या चपट्या सेलच्या, बाबतीत अजून एक गोष्ट माहीत असू द्या. मुलांनी तोंडात घातल्यास थुंकून टाकावं म्हणून काही सीआर २०३२ सेलवर कडू लेप दिलेला असतो. हेतू अतिशय चांगला आहे, पण काही यंत्रांत हाच लेप संपर्काच्या मध्ये येतो. ॲपलने आपल्या एअरटॅगबाबत (हरवलेली वस्तू शोधायला लावतात ती छोटी चकती) तशी सूचनाच दिली आहे, की असा लेप असलेले सेल त्यात चालतीलच असं नाही. तुमच्या सेन्सरमध्ये कोरा बटन सेल ‘मेलेला’ दिसत असेल तर लेप नसलेला दुसरा घालून बघा.

मीटरने कसं बघायचं

साधा मल्टिमीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो आणि या कामाला सर्वांत स्वस्त मीटरही पुरतो. मीटरचं फिरतं बटन डीसी व्होल्टच्या २० वर ठेवा, लाल तार अधिकला, काळी उण्याला. कोरा अल्कलाइन १.५ पासून १.६ पर्यंत दाखवतो. १.३ ला अजून बरंच काम उरलेलं असतं, १.२ च्या खाली शेवट जवळ आला. सीआर २०३२ सारखा बटन सेल ३ व्होल्टच्या आसपास असतो.

पण नुसतं टेकवून घेतलेलं माप फसवतं, कारण तेव्हा सेलवर काही ओझं नसतं. पेन्सिल सेलसाठी १० ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर (करंटला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग) आणा, तो सेलच्या दोन टोकांना पाचेक सेकंद लावून धरा आणि तेव्हाच व्होल्टेज बघा. चांगला अल्कलाइन १.४ च्या आसपास किंवा वर टिकतो. थकलेला १.२ च्या खाली घसरतो. मी चार-चार सेलचे गट असे तपासले तेव्हा पुष्कळदा तीन ठीक आणि एकच बसलेला निघाला. म्हणून तेवढा एकच बदलायचा मोह होतो. तसं करू नका. जुन्या-नव्यांच्या गटात अशक्त सेल आधी रिकामा होतो, मग बाकीचे त्यातून जबरदस्तीने करंट ढकलत राहतात, त्याचे अधिक-उणे उलटतात आणि तो गळतो. गट एकदम बदला. उरलेले तीन वाया जात नाहीत, भिंतीवरच्या घड्याळाला एकच सेल लागतो. आमच्याकडे कुलपातून निवृत्त झालेल्या सेलवर दोन घड्याळं चालतात.

पहाटेच बीप का होतं

माझी मामेबहीण न्यू जर्सीत राहते. तिच्या घरातला धुराचा अलार्म हिवाळ्यात पहाटे तीन-चारलाच बीप करायचा आणि सकाळी गप्प. तिने सेल दुपारी तपासला तेव्हा सगळं ठीक. थंडीत सेलमधली रासायनिक क्रिया मंदावते आणि आतला अवरोध वाढतो. घर सर्वांत गार पहाटे असतं, त्यामुळे सीमारेषेवरचा सेल तेव्हाच रेषेखाली जातो आणि घर उबदार झालं की पुन्हा वर येतो. नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत माझ्या बाल्कनीच्या दारावरचा सेन्सरही असाच वागतो, आणि निफाडकडच्या लोकांना तर हे वेगळं सांगायला नको. उतरलेले सेल उन्हात ठेवून पुन्हा वापरायची आपली जुनी युक्ती याच नियमावर चालते. उबेने सेल थोडा सावरतो, भरत मात्र नाही. म्हणून पहाटेचं बीप ऐकू आलं की त्याच आठवड्यात सेल बदलून टाका.

धुराच्या अलार्ममध्ये नवा ९ व्होल्टचा सेल घालूनही बीप राहिलं, तर सेल काढून टेस्टचं बटन पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेला चार्ज निघून जातो, आणि मग सेल घाला. तरीही थांबलं नाही तर अलार्मच्या मागची उत्पादनाची तारीख बघा. धुराचे अलार्म दहा वर्षांनी बदलायचे असतात, आणि वय संपल्याचं बीप पुष्कळदा सेल संपल्याच्या बीपसारखंच ऐकू येतं. त्रास होतो म्हणून सेल काढून अलार्म गप्प ठेवू नका. ती रात्र कुठली असेल ते कुणाला ठाऊक नसतं.

बीप नेमकं कुठून येतंय हेच कळत नसेल तर धावपळ करून उपयोग नाही. बारीक, एकसुरी, क्षणभराचा आवाज कानांना दिशा कळू देत नाही. दोन फोन घ्या, दोन खोल्यांत रेकॉर्डिंग लावून पाच मिनिटं ठेवा. ज्यात बीप मोठं, ती बाजू. मग त्या बाजूच्या दोन खोल्यांत तेच. कपाटावर ठेवून विसरलेलं जुनं यंत्रही याच पद्धतीने सापडतं.

सेल खरेच लवकर संपतात तेव्हा

सूचना खरी असेल आणि वर्षभर टिकायचे सेल दोन महिन्यांत संपत असतील, तर यंत्राला जास्त श्रम पडताहेत. दाराच्या कुलपाबाबत आधी दार बघा. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं, कडी चौकटीच्या पट्टीला घासते, मोटर कण्हत कण्हत फिरते. दार हाताने किंचित ओढून धरल्यावर कुलूप सहज लागत असेल तर सुताराला बोलवा. दादाच्या कुलपात अल्कलाइन घातल्यावर आणि पट्टी दोन मिलिमीटर सरकवल्यावर बीप कायमचं थांबलं.

वाय-फाय किंवा झिग्बीच्या (कमी विजेवर चालणारी बिनतारी जोडणी) सेन्सरचं दुखणं अंतरात असतं. सिग्नल अशक्त असेल तर एकच निरोप पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो आणि प्रत्येक वेळी सेल खर्च होतो. वीज गेली की राउटर बंद होतो, सेन्सर मात्र सेलवर जागा राहून नेटवर्क शोधत बसतो. रोज तास-दोन तास वीज जात असेल त्या गावात हा खर्च मोठा. राउटरला छोटा यूपीएस लावल्यावर माझ्या सेन्सरचे सेल बरेच जास्त टिकू लागले. झिग्बीचा हब, म्हणजे सेन्सरचे निरोप घेणारा डबा, राउटरला चिकटून ठेवू नका, दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात आणि एकमेकांना अडथळा करतात.

सेल बदलल्यावरही ॲपमध्ये जुनीच टक्केवारी दिसत असेल तर घाबरू नका. पुष्कळ सेन्सर बॅटरीचा आकडा काही तासांतून एकदाच पाठवतात. दार दोनदा उघडून बंद करा, म्हणजे तो जागा होईल, आणि एक दिवस वाट बघा.

कुलपाबद्दल एक गोष्ट मात्र आजच करा. सेल पूर्ण संपले तर बहुतेक कुलपांना बाहेरून ९ व्होल्टचा सेल टेकवून किंवा यूएसबी-सीने तात्पुरती वीज देता येते, आणि बहुतेकांसोबत एक किल्ली मिळते. तो सेल आणि ती किल्ली घराच्या आतल्या खणात असतील तर तुम्ही बाहेर आणि इलाज आत. शेजाऱ्यांकडे ठेवा.

सर्वांत अवघड: सूचनाच न देणारी यंत्रं

आता पुन्हा आईच्या बेलकडे. अशा स्वस्त बेलची वरची बाजू प्लगवर चालते, तिला बटनातल्या सेलची काही खबर नसते. बटनात बहुधा २३ए नावाचा बोटाच्या पेराएवढा १२ व्होल्टचा सेल असतो. त्याच्या पोटात आठ चिमुकले सेल रचलेले असतात आणि क्षमता ५०-६० मिलिअँपिअर-तासांच्या घरात, तर अल्कलाइन पेन्सिल सेलची दोन हजारांच्या आसपास. सेल उतरत जातो तशी आधी बेलची पोच कमी होते. बटनावरचा दिवा अगदी थोड्या करंटवर लागतो, म्हणून तो शेवटपर्यंत लागत राहतो आणि दाबणाऱ्याला खोटा दिलासा देतो. दिवा लागला याचा अर्थ फक्त बटन दाबलं गेलं एवढाच. बटन उशीखाली दबून राहिलं तर सेल एका रात्रीतही रिकामा होऊ शकतो. आईचं बटन आता उशीखाली नसतं, पलंगाच्या दांडीला बांधलेलं असतं.

अशा यंत्राची सूचना आपणच तयार करावी लागते. आम्ही दोन दिवस ठरवले आहेत, गुढीपाडवा आणि दसरा. मध्ये साधारण सहा महिने जातात. दसऱ्याला अवजारं पुसून पुजायची पद्धत घरात आहेच. त्याच सकाळी बेलच्या बटनातला सेल, गॅस गिझरचे दोन मोठे सेल आणि कुलपाचे चार सेल बदलायचे, आणि नव्या सेलवर चिकटपट्टी लावून तारीख लिहायची. काढलेल्या सेलपैकी ज्यांत जीव आहे ते घड्याळाला. बाकीचे बरणीत साठवून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायचे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार अशा लहान सेलची जबाबदारीही उत्पादकांवर आहे, ओल्या-सुक्या कचऱ्यात ते टाकायचे नाहीत. बटन सेल आणि ९ व्होल्टच्या सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावूनच बरणीत ठेवा, नाहीतर एकमेकांना टेकून तापतात. आणि बरणी लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर. गिळलेला बटन सेल अन्ननलिका दोन तासांत भाजू शकतो. तशी नुसती शंका आली तरी थेट इस्पितळ गाठायचं, सकाळपर्यंत थांबायचं नाही.

सणांच्या मधल्या काळासाठी दर रविवारची चाचणी आहे. खोलीचं दार बंद करून आई बटन दाबते, दादा माडीच्या शेवटच्या खोलीत उभा राहून ऐकतो. बेल जिथे लावलेली आहे तिथे उभं राहून घेतलेली चाचणी पुरत नाही, कारण दोन दारं बंद असताना आवाज आणि सिग्नल दोन्ही पोचतात का, हे बघायचं असतं. बेल एकदा जरी चुकली तरी सेल त्याच दिवशी बदलायचा. खणात दोन जादा २३ए असतात, कारण गावातल्या दुकानात तो सेल रविवारी मिळत नाही. आणि पहिला सिग्नल चुकला तर दुसरा मार्ग असावा म्हणून पलंगाला देवघरातली जुनी पितळी घंटा बांधली आहे. आईने स्वतःच सुचवलं ते.